उकडा आवाज

घरमालक नव्या भाडेकरूला काय काय विचारतात ते मला पाठ होतं. नोकरी पक्की आहे का, लग्न झालंय का, गावाकडची माणसं येऊन पडतात का, मटण शिजवता का. फुलचूरच्या त्या घरात यातलं काहीच विचारलं गेलं नाही. मालकांनी मला आतल्या खोलीत नेलं, लाकडी खुर्चीवर बसवलं, गळ्यातल्या दुपट्ट्यानं हात पुसले आणि कोपऱ्यातल्या एका पेटीचं झाकण उघडून तबकडी लावली. गाणं संपेपर्यंत गाण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग सुई उचलून म्हणाले, "कसं वाटून राहिलं?"

पूर्वेकडचा हा धानाचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या आणि त्यातल्या एकीत मी, थेट साताऱ्याहून. प्रवासानं अंग आंबलेलं, पोटात भूक, आणि उतरायला धर्मशाळेतली एक खाट. अशा वेळी गोड बोलणं मला जमत नाही, एरवीही फारसं जमत नाही. मी म्हटलं, गाणं छान आहे, पण बाईंच्या मागं कुणीतरी भुंगा सोडलाय. तो सारखा घूं घूं करतोय.

मालक एवढे खूश झाले की त्यांनी लगेच आत हाक मारली आणि चहा सांगितला. माझ्या आधी आलेल्या सगळ्यांनी म्हणे "वा, वा" केलं होतं. एक बँकेतले साहेब तर मान डोलवत होते, त्यांना परत पाठवलं. "भुंगा ऐकू येत नाही तो मानूस घरात ठेवून काय करू," मालक म्हणाले. मला खोली मिळाली ती कानामुळं. आमच्या घराण्यात कानाचा असा फायदा माझ्याआधी कुणाला झालेला नाही.

सगळं फुलचूर त्यांना मामाजी म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. मालकीणबाई मामीजी. जात पोवार. पूर्वज माळव्यातून आले हे मामाजी अशा थाटात सांगायचे की जणू परवाच बैलगाड्या सोडल्यात. सालेकशाकडे त्यांची धानाची शेती होती, उमेदीची वर्षं एका राइस मिलमध्ये धान पारखण्यात गेली होती. मूठभर धान तळहातावर घासून, दाताखाली एक दाणा फोडून ते भाव सांगायचे. आता शेती वाट्यानं दिलेली, मिल सुटलेली, आणि पारखायला घरात उरला होता तो एवढा बाजा, म्हणजे ती तबकड्यांची पेटी. मामीजींच्या वडिलांनी बालाघाटहून लग्नात आंदण दिलेला.

बाज्याचे रोगही ते तांदळाच्या भाषेत सांगायचे. तबकडी चरचरली की आवाजात कणकी, म्हणजे तुकडा तांदूळ, आली. नुसती खसखस असली की कोंडा. आणि आवाज जाड, मंद, कोंदलेला निघाला की तो उकडा झाला. उकडा म्हणजे धान आधी उकडून मग काढलेला तांदूळ. दाणा टपोरा, पण रंगाला मळकट. मामाजींना तो आवडत नसे. त्यांना आवाज हवा होता मोकळा, शिजलेल्या चिन्नोर तांदळासारखा, वास येतोय आणि दाण्याला दाणा चिकटलेला नाही. हे शब्द माझ्या जिभेवर असे बसले की आजही कचेरीत कुणी साहेब तोंडातल्या तोंडात भाषण करायला लागले की माझ्या मनात येतं, उकडा.

भुंग्याचा बंदोबस्त माझ्या डोळ्यांसमोर झाला. मामाजींनी ठरवलं की बाज्याला जमीन, म्हणजे अर्थिंग, मिळत नाहीये. त्यांनी खिडकीखाली एक लोखंडी सळई ठोकली, बाज्यापासून तार आणून तिला बांधली, आणि सळईभोवतीची माती ओली राहावी म्हणून रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी घालायचं काम माझ्याकडे दिलं. भाड्याच्या बोलीत हे कलम नव्हतं, तरी मी घालत राहिले. भुंगा खरंच गेला. पण रोज आंघोळ करून सळईला पाणी घालणारी मास्तरणीसारखी बाई बघून शेजारणींनी काय समजायचं ते समजून घेतलं. एके दिवशी सळईला कुंकू लागलेलं, बुडाशी जास्वंदाचं फूल. मी हसत सुटले. मामाजी म्हणाले, राहू द्या, हात जोडून आवाज बिघडत नाही.

त्यांच्या बोलण्यानं मी सुरुवातीला एकदा चांगलीच फसले. अंगणातून त्यांनी मला सांगितलं, "म्याडम, तवा धुऊन ठेवजा, मले दुपारी लागन." मी मामीजींच्या स्वयंपाकघरातला लोखंडी तवा घेतला आणि आईनं शिकवल्याप्रमाणे राखेनं घासून आरशासारखा केला. मामाजी म्हणत होते ते तबकडीला. तव्याचं सगळं तेलपाणी निघून गेलं आणि पुढं कितीतरी दिवस मामीजींच्या पोळ्या त्याला चिकटत राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की बाई कामाची हाये, पन पुरतं ऐकून घेत नाही. एवढा कान तपासून घेऊन ही अवस्था.

शेजारी एक मिल होती. ती सुरू झाली की विजेचा जोर कमी व्हायचा आणि बाजा हळू फिरायचा. गाणारी बाई तिथल्या तिथं म्हातारी व्हायची. मामाजी मग सुई उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे, मिलचा पट्टा थांबायची वाट बघत. शेजाऱ्यांनी भांडायला सांगितलं तर म्हणायचे, भांडू कायले, तिकडं धान निघून राहिलं, इकडं गाणं, दोन्ही कामं महत्त्वाची. मिल थांबली की पळत आत. साठी ओलांडलेला माणूस पळतोय आणि मामीजी चुलीपुढून ओरडतायत, अजी, पडसान. हे रोजचंच होतं.

आता एका पोटलीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच घडलं.

बाज्याची सुई ज्या काठीला असते तिच्या मागच्या टोकाला एक वजन असतं. तराजूसारखाच प्रकार. मागचं वजन कमी पडलं की सुई जड होऊन तबकडीत रुतते आणि आवाज जाड येतो. वजन जास्त झालं की सुई हलकी होऊन उड्या मारते. मामाजींच्या बाज्याचं हे वजन मी येण्याच्या थोडं आधी, उन्हाळ्यात, मुलीच्या लग्नासाठी घराला रंग देताना कुठंतरी हरवलं होतं. त्या जागी त्यांनी पांढऱ्या कापडाची एक घट्ट शिवलेली पोटली बांधली होती. आत काय, म्हणून मी विचारलं. चिन्नोर, ते म्हणाले. लहान दाणा, सारखा दाणा, याच्याइतकं चोख वजन सोनाराकडे मिळायचं नाही. ती पोटली ते कधी उघडत नसत. आवाज बघून दोऱ्यासकट ती केसभर पुढं, केसभर मागं सरकवायचे आणि मान वाकडी करून ऐकायचे.

पावसाळ्यात सुई उड्या मारायला लागली. एका कडव्यातून थेट पुढच्या कडव्यात. मामाजींनी लगेच निदान केलं, हवा ओली झाली, तांदळानं पाणी ओढलं, पोटली जड झाली. चुलीच्या वरच्या फळीवर ती शेकून घेतली आणि सुई शहाण्यासारखी चालू लागली. मी मनातून नमस्कार केला. मामीजी म्हणाल्या, एखादा नटबोल्ट बांधला असता तर त्याले काय सर्दी झाली असती. मामाजींनी ऐकलं न ऐकलं केलं.

मुलगी रायपूरला दिली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. इकडचं तिकडचं झालं की ती विचारायची, "बाबाजी, बाजा कसा हाये?" त्या बाज्यापुढं बसून तिनं पाढे पाठ केले होते. मामाजी तिला दर वेळी सांगायचे, एकदम मोकळा. दिवाळीले ये, जावायाले घेऊन ये, ऐकवतो. मामीजी दारात उभ्या राहून तोंड वाकडं करायच्या.

कारण दसरा झाला आणि आवाज उकडा झाला. असा उकडा की पूर्वी कधी झाला नव्हता. झोक्याचं एक हलकंफुलकं गाणं होतं, मुलीच्या आवडीचं. ते ऐकलं तर वाटायचं की झोक्यावर बाई नाही, म्हैस बसलीय. मामाजींनी पोटली मागं सरकवली. चार दिवस बरं गेलं, पुन्हा जाड. पुन्हा मागं. असं करत करत पोटली काठीच्या अगदी टोकाला जाऊन टेकली आणि सरकवायला जागा उरली नाही.

मग घरात जे सुरू झालं त्याला मी आजारपणच म्हणेन. माझ्या कचेरीतल्या एकाकडून नागपूरहून नवी सुई मागवली. पट्टा बदलला. बाजा पलंगाच्या या बाजूला, मग त्या बाजूला. खालची फरशी वाकडी आहे का बघायला पाण्याचा पेला ठेवून मामाजी जमिनीला गाल लावून पडलेले. कर्णा काढून त्यामागं कापूस भरला, कापूस काढून उशी ठेवली. मामाजींची उशी मामीजी तिथून ओढून न्यायच्या. प्रत्येक उपायानंतर मला बोलावणं यायचं. मी खुर्चीवर बसायची, ऐकायची आणि सांगायची, उकडा. खोटं बोलायची सोयच नव्हती, त्यावर तर खोली मिळालेली.

दिवाळी जवळ आली तशी मामीजींनी निकाल दिला. घर झाडायला काढलं होतं. पहिल्या दिवाळसणाला जावई येणार, त्याच्यापुढं हे रडगाणं वाजवून हसं करून घ्यायचं नाही. झाडझुडीत भंगारवाला येईल त्याला बाजा द्यायचा आणि नवा सीडीवाला घ्यायचा. माह्या बापानं दिला होता, तर द्यायचा हक्क पन माहाच, असं त्यांनी बजावलं. त्या दिवसापासून मामाजींचं जेवण कमी झालं.

शेवटी एका दुपारी त्यांनी बाजा चादरीत बांधला आणि मला सोबत घेतलं. रिक्षात पेटी माझ्या मांडीवर. बाजारात एक जुना रेडिओ मेकॅनिक होता, हिंदीच बोलायचा, मामाजींचा चहाचा दोस्त. त्यानं झाकण उघडलं, काठीला बोट लावलं आणि हसायलाच लागला. "मामाजी, ये पोटली फेंको. सीसा लगा देता हूँ, जिंदगीभर की छुट्टी."

पाच मिनिटांचं काम होतं. शिशाचा तुकडा त्यानं कापूनही घेतला. मामाजींनी शांतपणे झाकण लावलं, चादरीची गाठ मारली आणि रिक्षा थांबवली. चहासुद्धा घेतला नाही. मला इतका राग आला म्हणून सांगू. घरी येईपर्यंत मी त्यांना फाडफाड बोलत होते, की हट्टाला काही मर्यादा, दिवाळी दारात आलीय, मुलीला काय ऐकवणार, माझी उन्हात फरफट कशाला केली. ते रस्त्याकडे बघत राहिले. घर आल्यावर एवढंच म्हणाले की सीशाचा आवाज येते म्याडम, तुमाले नाही समजायचं. मी पेटी दाणकन ठेवली आणि माझ्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सळईला पाणी घालत होते आणि खिडकीतून मामीजींचा आवाज आला. ओरडणं नाही, साधा, रोजचा आवाज. "अजी, इकडं या. तुमच्या बाज्याले टोके लागले."

मी तांब्या टाकून आत गेले. त्या धूळ पुसायला आल्या होत्या. काठीच्या टोकाखाली, लाकडावर, पिठासारखी बारीक पांढरी रेघ सांडलेली. आणि तबकडीच्या मधोमध एक तपकिरी टोका, धान्यातला तो चिमुकला सोंडवाला किडा, संथपणे फेरी मारत चाललेला. मामीजींनी पोटली चिमटीत दाबली. ती पिचकली. महिनोन् महिने टोके आतून तांदूळ खात होते, पीठ कापडातून गळत होतं, वजन घटत होतं आणि पुढं सुई जड होत चालली होती. आम्ही फरशीला गाल लावून पडलो होतो आणि रोग हा इथं. मला हसू आवरेना. धानाचा पारखी आणि त्याच्याच पोटलीत टोके.

मामाजी तोवर दारात येऊन उभे राहिले होते. नका उघडू, म्हणाले. पण मामीजींच्या हातात कात्री होती आणि दिवाळीची झाडझूड अंगात होती. त्यांनी शिवण उसवली आणि पोटली सुपात रिती केली.

तांदूळ पिवळे होते. हळद लावलेले. अर्धे पोखरून पोकळ झालेले, तरी पिवळे.

मामीजी बघत राहिल्या. "हे कोनते तांदूळ?" त्यांनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं. मलाही कळलं, कारण लग्नाचे फोटो मला दाखवून झाले होते. मामीजींच्या माहेरची रीत, मुलगी सासरी निघताना उंबऱ्यावर पाठमोरी उभी राहते आणि हळदीचे तांदूळ डोक्यावरून मागं फेकते, मागं आईबाप उभे असतात.

मामाजींनी चष्मा काढून दुपट्ट्यानं पुसला. "तुमच्या पदरात पडले त्याचा तुमी गोड भात केला," ते म्हणाले. "माह्या दुपट्ट्यात पडले ते मी ठेवले."

मला रडू आलं, स्पष्टच सांगते, आणि आदल्या दिवशी रिक्षात बोललेला एकेक शब्द कानात वाजायला लागला. मामीजी मात्र रडल्या नाहीत. त्या सूप घेऊन अंगणात गेल्या आणि पाखडायला बसल्या. भुसा उडवला, टोके वेचले, पोकळ दाणे बाजूला केले, चांगले उन्हात पसरले. मग डब्यातून स्वतःच्या हातानं मूठभर चिन्नोर काढून त्यात घातला, नवी पोटली शिवली आणि मामाजींपुढं ठेवली. भंगारवाला आला तेव्हा त्याला एक फुटकी बादली आणि जुना छत्रीचा सांगाडा देऊन वाटेला लावलं.

दिवाळीला लेक-जावई आले. जावयाला खुर्चीवर बसवलं, माझ्याच खुर्चीवर. झोक्याचं गाणं लागलं. जावई बिचारा सभ्य, तो "वा, वा" करायला लागला. मी मनात म्हटलं, गेला, याला आता खोली मिळत नाही. लेक भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "बाबाजी, बाई जराशी उकडी गाऊन राहिली."

मामाजींचा चेहरा असा उजळला की दारातल्या पणत्या विझवल्या असत्या तरी चाललं असतं. इतके रविवार फोनवर मारलेली थाप पकडली गेली होती आणि माणूस हरखून गेला होता. ऐकलं का म्याडम, ते मला म्हणाले, रायपूरले जाऊनसनी बी कान बिघडला नाही पोरीचा. मग त्यांनी तिला टोक्यांची सगळी गोष्ट सांगितली, पिवळ्या तांदळासकट. लेक हसता हसता उठून आत गेली आणि थोड्या वेळानं तोंड धुऊन आली.

भाऊबीज आटोपून ते दोघं निघाले. जीप दारात, सामान वर चढलेलं. मामाजी आतून सूप घेऊन आले. सुपात नवे तांदूळ, हळद लावलेले. त्यांनी लेकीला उंबऱ्यावर पाठमोरं उभं केलं.

"बाबाजी, लगन झालं ना माहं. किती वेळा जाऊ?"

"वजन कमी पडून राहिलं," मामाजी म्हणाले. "फेक."

तिनं ओंजळ भरली आणि मागं फेकली. मामाजींनी दुपट्टा पसरला होता. त्यांच्या शेजारी मामीजी कधी येऊन उभ्या राहिल्या कुणाला कळलं नाही, त्यांनीही पदर पसरला होता. जीप वळणावरून दिसेनाशी झाली तसा त्यांनी पदर मामाजींच्या दुपट्ट्यात झटकला. शेवटचा चिकटलेला दाणासुद्धा बोटानं काढून दिला. या खेपेला गोड भात होणार नाही, एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या.

पोटली भरली, बांधली, केसभर मागं, केसभर पुढं झाली. मिल बंद होती. झोक्याचं गाणं लागलं आणि मी हातातलं काम टाकून खुर्चीवर जाऊन बसले. आवाज मोकळा. शब्दाला शब्द चिकटत नव्हता. मामाजींनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मी मान हलवली, तेव्हा कुठं ते स्वतः ऐकायला लागले.

गाणं संपल्यावर मी अंगणाकडे निघाले. मागच्या कडुनिंबाला चांगला पाला होता, सुकवून पोटलीत घातला तर पुन्हा किडे होणार नाहीत, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला हात करून थांबवलं.

"नका टाकू, म्याडम," मामाजी म्हणाले. "लागू द्या टोके. टोके लागले म्हंजे पोरीले यावं लागन."